गागोद्याचे सत्याग्रही
१४. आचार्य विनोबा भावे (१८९५–१९८२). जन्म पेण तालुक्यातील गागोदे येथे, ११ सप्टेंबर १८९५. भारताला न विचारता महायुद्धात ओढल्याच्या निषेधार्थ गांधीजींनी १९४० साली वैयक्तिक सत्याग्रह पुकारला. पहिले सत्याग्रही विनोबा, दुसरे जवाहरलाल नेहरू. विनोबांनी १७ ऑक्टोबरला पवनारला युद्धविरोधी भाषण केले. २१ तारखेला अटक होऊन तीन महिन्यांची कैद झाली. नेहरूंना सत्याग्रहाआधीच धरले आणि पूर्वीच्या भाषणांबद्दल चार वर्षांची शिक्षा ठोठावली. सभेची वेळ व ठिकाण सत्याग्रही अधिकाऱ्यांना आगाऊ कळवीत. कायदा उघडपणे मोडायचा आणि शिक्षा चुकवायची नाही, हा दंडक होता. मात्र शिक्षा पत्करणे म्हणजे ती न्याय्य मानणे नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे. —संपा.