ट्रॅक्टर, जुने व संग्राह्य

ट्रॅक्टर, जुने व संग्राह्य : शेतीच्या नित्य कामातून बाद झालेले, परंतु कृषियांत्रिकीकरणाच्या इतिहासातील एखादा टप्पा दर्शवितात म्हणून हौशी लोकांनी वा संग्रहालयांनी जतन केलेले ट्रॅक्टर. मोटारगाडीप्रमाणे ट्रॅक्टर हा प्रतिष्ठेचा विषय कधीच नव्हता. ते एक अवजार होते आणि झिजलेले अवजार मोडीत निघते. अमेरिकेत १९५४ च्या कृषिगणनेत शेतांवरील ट्रॅक्टरांची संख्या घोडे व खेचरे यांच्या एकूण संख्येपेक्षा प्रथमच अधिक भरली. पण ज्या यंत्रांनी हे स्थित्यंतर घडविले, त्यांच्या आरंभीच्या नमुन्यांपैकी फारच थोडे तोपर्यंत उरले होते. दुसऱ्या महायुद्धकाळातील मोड-लोखंड गोळा करण्याच्या मोहिमांत अवजड व जुनी यंत्रे मोठ्या प्रमाणावर भट्टीत गेली. जी वाचली ती बव्हंशी शेतकरी, लोहार व यंत्रकारागीर अशा हौशी मंडळींमुळे वाचली. संग्रहालयांचे लक्ष तिकडे पुष्कळ उशिरा गेले.

अंतर्ज्वलन-एंजिनावर चालणाऱ्या ट्रॅक्टरांचा प्रारंभ सामान्यतः जॉन फ्रोलिक यांच्यापासून मानतात. त्यांनी १८९२ मध्ये आयोवा राज्यात पुढे व मागे दोन्हीकडे जाऊ शकणारे पेट्रोल-यंत्र तयार केले. त्याच राज्यातील चार्ल्स सिटी येथे चार्ल्स हार्ट व चार्ल्स पार यांनी ट्रॅक्टर-निर्मितीचा धंदा उभारला. त्यांचा १९०३ सालचा क्रमांक ३ चा ट्रॅक्टर वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. ‘ट्रॅक्टर’ हा शब्द रूढ होण्यास त्यांच्या जाहिराती बऱ्याच अंशी कारणीभूत झाल्या. इंग्लंडमध्ये डॅन अल्बोन यांनी १९०२ मध्ये ‘आयव्हेल’ हा तीन चाकी व तुलनेने हलका ट्रॅक्टर बनविला. पण १९०६ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्या उद्योगाची पीछेहाट झाली.

हेन्री फोर्ड (१८६३–१९४७) यांच्या ‘फोर्डसन’ने (१९१७) चित्र पालटले. त्याला स्वतंत्र सांगाडा नव्हता. एंजिन, दंतचक्रपेटी व मागचा आस यांची ओतीव बिडाची आवरणे एकमेकांना जोडूनच ट्रॅक्टरचा देह बनत असे. त्यामुळे उत्पादन स्वस्त झाले व १९२२ मध्ये किंमत ३९५ डॉलरपर्यंत उतरली. नांगर दगडात वा मुळात अडकला की चाके थांबत, एंजिन मात्र जोर लावीत राही. परिणामी ट्रॅक्टरचा पुढचा भाग उचलला जाऊन तो चालकावर उलटा पडे. असे अनेक चालक दगावले. आज रंग देऊन चकचकीत केलेला फोर्डसन पाहताना ही गोष्ट सहसा कोणाला आठवत नाही. अमेरिकेतील उत्पादन १९२८ मध्ये बंद झाल्यावर ते आयर्लंडमधील कॉर्क येथे व १९३३ पासून इंग्लंडमधील डॅगनम येथे चालू राहिले. तेथील ट्रॅक्टर आधी निळे, १९३७ पासून नारिंगी व युद्धकाळात हिरवे असल्याने रंगाच्या खालच्या थरांवरूनही जाणकारांना निर्मितिकाळाचा अंदाज करता येतो.

उलटण्याच्या या धोक्यावर मूलगामी उपाय हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) या आयरिश यंत्रज्ञांनी काढला. हेच गृहस्थ १९०९ मध्ये आयर्लंडमध्ये विमान उडविणारे पहिले वैमानिक होत. नांगर मागून साखळीने ओढण्याऐवजी त्यांनी तो दोन खालच्या व एका वरच्या दांड्याने ट्रॅक्टरला जोडला. नांगराला जमिनीचा विरोध वाढला की वरचा दांडा पुढे रेटला जातो. त्या रेट्याने द्रवीय यंत्रणेची झडप हलते आणि नांगर किंचित उचलला जाऊन त्याचा भार मागच्या चाकांवर येतो. त्यामुळे हलका ट्रॅक्टरही जमीन घट्ट पकडतो. अडथळा अचानक आल्यास हा भार नाहीसा होऊन चाके जागच्या जागी फिरतात. वरच्या दांड्याच्या रेट्यामुळे पुढचा भागही उचलला जात नाही. या तत्त्वावरील १९३३ सालचा काळ्या रंगाचा एकमेव नमुना लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. १९३६–३९ या काळात डेव्हिड ब्राउन यांच्या सहकार्याने सु. १,३५० ट्रॅक्टर तयार झाले. १९३८ मध्ये फोर्ड व फर्ग्युसन यांनी केवळ हस्तांदोलनाने करार केला व पुढच्या वर्षी संयुक्त ट्रॅक्टर बाजारात आला. हेन्री फोर्ड यांच्या नातवाने कारभार हाती घेतल्यावर हा संबंध तुटला. फर्ग्युसन यांनी २५.१ कोटी डॉलरचा दावा लावला. १९५२ मध्ये तो ९२.५ लाख डॉलरवर मिटला. दरम्यान कॉव्हेंट्री येथे १९४६–५६ या काळात त्यांचे ‘टीई-२०’ नावाचे राखाडी ट्रॅक्टर पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाले. एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते याच ट्रॅक्टरांना पट्टे चढवून.

यूरोप खंडात जर्मनीतील मॅनहाइमच्या ‘लान्झ बुलडॉग’ला (१९२१) असेच स्थान आहे. फ्रिट्झ हूबर यांच्या या रचनेत एकच आडवा सिलिंडर असून त्याचे टोक ज्योतीने काही मिनिटे तापवावे लागे. मग सुकाणूचे चाक दांड्यासह उपसून प्रचक्रात बसवायचे व हिसका द्यायचा. हिसका चुकला, तर एंजिन उलटे फिरू लागे आणि ट्रॅक्टर पुढे जाण्याऐवजी मागे जाई. हलक्या प्रतीचे तेलही त्याला चालत असे. मेळाव्यांत सर्वाधिक गर्दी होते ती हा विधी पाहण्यासाठी.

जुन्या यंत्रांविषयी विश्वसनीय माहिती मिळण्याचे एक साधन मात्र एका फसवणुकीतून निर्माण झाले. नेब्रॅस्का राज्यातील विल्मट क्रोझियर या शेतकऱ्याने ‘फोर्ड’ नावाचा ट्रॅक्टर घेतला. त्याचा हेन्री फोर्ड यांच्याशी काहीही संबंध नव्हता व तो धड चालतही नव्हता. क्रोझियर विधिमंडळाचे सदस्य झाले आणि १९१९ मध्ये तेथे कायदा झाला, की राज्य विद्यापीठाने चाचणी घेतल्याशिवाय ट्रॅक्टर विकता येणार नाही. १९२० पासूनच्या या चाचण्यांचे अहवाल आज संग्राहकांना एखाद्या दप्तरासारखे उपयोगी पडतात.

ब्रिटन, आयर्लंड व अमेरिका येथे संग्राहकांचे संघ, नियतकालिके व नांगरटीच्या स्पर्धा आहेत. आयर्लंडमधील कूली येथे ऑगस्ट २००७ मध्ये ४,५७२ जुने ट्रॅक्टर एकाच वेळी शेतात नांगरटीसाठी उतरले होते. या छंदातील मुख्य वाद दुरुस्तीच्या मर्यादेचा आहे. गंज खरवडून, नवे भाग बसवून, मुळापेक्षाही तुकतुकीत रंग देण्याची प्रथा फार दिवस होती. तिने यंत्र टिकले, पण शेतकऱ्याने स्वतः लावलेले ठिगळ, घासलेले पायदान, लोहाराने बदललेली कडी हे पुरावे पुसले गेले. अलीकडे जीर्ण पण अस्सल अवस्थेतील ट्रॅक्टरला अधिक मान मिळू लागला आहे आणि इतिहासाच्या दृष्टीने तेच इष्ट होय.

भारतात हा छंद फारसा रुजलेला नाही. येथे ट्रॅक्टर चालतो तोवर वापरतात. स्वातंत्र्यानंतर केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने मध्य भारत व भोपाळ भागांतील कांस गवताने व्यापलेल्या जमिनी अवजड ट्रॅक्टरांनी मोडल्या; त्यासाठी १९४९ मध्ये जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचे कर्ज घेण्यात आले होते. देशी निर्मितीचा आरंभ फरिदाबाद येथे १९५९ मध्ये आयशरने केला. मद्रासमध्ये मॅसी-फर्ग्युसनच्या व मुंबईजवळ कांदिवली येथे इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ब्रिटिश रचनांवर आधारित ट्रॅक्टर साठोत्तरी दशकात तयार होऊ लागले. पिंजोर येथील एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. इंग्लंडमधील ब्रॅडफर्डचा ‘बी-२७५’ व कॉव्हेंट्रीचा ‘एमएफ-३५’ यांचे उत्पादन तेथे १९६०–७० या दशकातच थांबले. पण त्यांच्या रचना भारतात पुढे कित्येक वर्षे चालू राहिल्या. त्यामुळे जुना ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या इंग्रज हौशी माणसाला लागणारे सुटे भाग पुष्कळदा भारतातून मागवावे लागतात.