खेरवाडीचा सोमवार

दहा नोव्हेंबरला निफाड तालुक्यात या. मनमाडकडून नाशिकला निघालं की लासलगाव, उगाव, निफाड, कसबे सुकेणे अशी स्टेशनं मागे पडतात आणि मग खेरवाडी येतं. जलद गाड्या इथे थांबत नाहीत, धावत्या खिडकीतून पाटीही धड वाचता येत नाही. रुळांपासून थोडं बाजूला, एखाद्या बांधावर उभे राहा आणि वर्षं मागे न्यायला लागा.

शिवारातले द्राक्षांचे मांडव विरळ करा. ठिबकच्या काळ्या नळ्या गुंडाळून ठेवा, मोबाइलचे मनोरे उतरवा, शेततळ्यांचा कागद काढून टाका. ट्रॅक्टर कमी करून बैलगाड्या वाढवा. भाऊसाहेबनगरला निफाड साखर कारखान्याचं धुराडं आहे, जे पुढे कित्येक वर्षं थंड पडून राहणार आहे, त्यातून पुन्हा धूर निघू द्या. कडवा-गोदाकाठची थंडी मात्र हलवू नका. ती तेव्हाही अशीच बोचरी होती.

आता १९८० साल आहे. तारीख १० नोव्हेंबर, वार सोमवार. दिवाळी नुकतीच सरलीय, फराळाचे डबे तळाला गेलेत. तुम्ही बावीस वर्षांचे आहात आणि तुमच्या शेजारी तुमचा जोडीदार चालतोय.

त्याला मी इथे नाव देणार नाही. त्या दिवशी खेरवाडीला जी दोन माणसं खरोखर गेली, त्यांचं दुःख त्यांच्या घरांचं आहे. त्यांच्या तोंडी माझी वाक्यं घालण्याचा अधिकार मला नाही. हा जोडीदार गोदाकाठच्या कुठल्याही गावचा समजा. असे जोडीदार तेव्हा प्रत्येक गावात होते.

तुमची दोघांची सावड आहे. एक बैल तुमचा, एक त्याचा. औत जुंपायचं तर दोघांनी एकत्र यायचं, आज तुमचं रान, उद्या त्याचं. त्यामुळे तुमचं सगळंच एकत्र झालंय. पेरणीची तारीख एक, पाटाच्या पाण्याची रात्र एक, बाजारची वाटही एक. रात्री पाणी आलं की तो दारे मोडायला वरच्या अंगाला उभा राहतो आणि तुम्ही खालून हाक देता, ‘आलं रे, आता दुसऱ्या वाफ्याला सोड.’ अंधारात ना तो तुम्हाला दिसतो, ना तुम्ही त्याला. हाकेवर पाणी फिरतं. तुमचा बैल थोडा ओढाळ, त्याचा संथ. म्हणून तो म्हणतो, ‘आपली जोडी बैलांवर गेलीय.’

बाजारातही दोघं बरोबर. लासलगावला गाडी सोडली की कांद्याचा ढीग लावायचा आणि वाट बघत बसायचं. व्यापारी येतात, मूठभर कांदे उचलून बघतात, बोली होते आणि पापणी लवायच्या आत चार महिन्यांच्या कष्टाचा भाव फुटतो. मग पट्टी हातात पडते. आडत, हमाली, तोलाई, सगळं वजा झालेलं. गाडीभाडं अजून द्यायचंच असतं. घरी जाताना जोडीदार गप्प असतो, नाहीतर नुसताच बैलांशी बोलतो.

यंदा मात्र त्याला एक नवा नाद लागलाय. तो हिशेब लिहायला लागलाय.

या नादाचं मूळ चाकणला आहे. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला, जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून शरद जोशी नावाचा एक माणूस १९७६ साली परत आला, चाकणजवळ आंबेठाणला त्याने कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतः शेती करून पाहिली. तोटा का होतो ते त्याने कागदावर मांडलं. १९७८ मध्ये चाकणला कांद्याचं आंदोलन झालं, १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली. यंदा संघटना नाशिक जिल्ह्यात आली आहे. पिंपळगाव बसवंतचे माधवराव खंडेराव मोरे, निफाडचे प्रल्हाद पाटील कराड अशी इथली माणसं पुढे आहेत. सभांना गाड्या जुंपून लोक जातात. तुम्हीही गेलात. तिथे कर्जमाफीचं गाऱ्हाणं नव्हतं, सरकारच्या दयेची याचना नव्हती. एक साधा प्रश्न होता: तुमच्या मालाला किती खर्च आला, आणि तो तरी भरून निघतो का?

त्या सभेतली एक गोष्ट जोडीदाराच्या डोक्यात घर करून बसली. बी, खत, बारदान यांचा खर्च सगळेच धरतात. पण स्वतःच्या रात्रीच्या पाण्याची मजुरी कोण धरतं? घरची बाई खुरपते, रोप लावते, कांदा काटते, तिचे पैसे कुठल्या रकान्यात? त्या रात्री त्याने कंदिलाजवळ बसून वहीचं पान आखलं आणि पहिल्यांदा बायकोची मजुरी लिहिली. ती चुलीपाशी बसली होती. तिला वाटलं, हा थट्टा करतोय. मग तीच सांगायला लागली, ‘लागणीचे दिवस लिहिले, निंदणीचे राहिले की.’ तुम्ही उंबऱ्यावर बसून ऐकत होता. बेरीज झाली तेव्हा तुम्ही तिघंही काही बोलला नाहीत.

आजचा सोमवार त्या बेरजेतून आला आहे. उसाला टनाला ३०० रुपये द्या, कांद्याला खर्च भरून निघेल असा भाव द्या, एवढंच मागणं. त्यासाठी मुंबई–आग्रा रस्ता अडवायचा, रेल्वे अडवायची. गावागावातून माणसं निघाली आहेत. टोप्या, पटके, धोतरं, पँटी. म्हातारे आहेत, कॉलेजात जाणारी पोरं आहेत. कुणी भाकरी बांधून आणल्यात. जोडीदाराने फडक्यात शेव आणि दोन करंज्या आणल्यात. एक तुम्हाला देतो. ‘खाऊन घे, तुरुंगात फराळ मिळायचा नाही.’ अटक होईल, ही त्याची तयारी आहे. जास्तीत जास्त अटकच होईल, असंच सगळ्यांना वाटतंय. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा पुढून मागे येते आणि मागून पुन्हा पुढे जाते. तुमचा आवाज बसलाय. त्याचा अजून टिकून आहे.

रूळ थंड आहेत. त्यांवर माणसं बसली आहेत.

पुढचं मी रंगवून सांगणार नाही. पोलिसांनी गोळीबार केला. खेरवाडीला दोन शेतकरी मारले गेले. धूर कसा होता, कोण कुठे पडलं, कुणाचा शेवटचा शब्द काय, हे मी रचलं तर ती त्या दोघांची विटंबना होईल. तुम्ही तिथे आहात, तुमच्या शेजारची जागा रिकामी झाली आहे, आणि दिवस अजून पुरता मावळलेला नाही. इतकंच तुमच्या वाट्याला येऊ द्या.

रात्री तुम्ही त्याच्या गोठ्यात जाता. कुणीतरी वैरण टाकायलाच हवी. अमावास्या होऊन तीनच दिवस झालेत, बाहेर काही दिसत नाही. बैल उठून उभा राहतो, तुमचा वास ओळखतो आणि तुमच्या मागे दाराकडे बघत राहतो. घरात बायका आहेत, रडणं आहे, भाऊबंद दाराशी बसून आहेत. देवळीत ती वही तशीच आहे. निंदणीचे दिवस शेवटी लिहिले गेले होते की नाही, हे तुम्हाला आठवत नाही, आणि वही उघडायचं धाडस होत नाही.

पुढच्या दिवसांत माणूस कोलमडतो असं म्हणतात. शेतकऱ्याला तेवढी फुरसत मिळत नाही. उन्हाळ कांद्याचं रोप वाफ्यात उभं आहे, पोळ कांदा काढणीला आलाय. पाण्याची पाळी ठरलेल्या रात्रीच येते. तुम्ही खालून सवयीने हाक देता, ‘सोड रे,’ आणि वरून दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज येतो. गाव त्याचं रान पडू देत नाही. कुणी औत आणतं, कुणी बी, बाया रोजंदारी न घेता लागणीला येतात. त्याचा संथ बैल अखेर तुमच्याच दावणीला बांधला जातो, आणि दोन्ही बैल आता तुमच्याच रानात राबतात, ही गोष्ट तुम्हाला वर्षानुवर्षं सलत राहते.

आणि मग भाव मिळतो. अंतुले मुख्यमंत्री आहेत, सरकारला नमावं लागतं, उसाला टनाला ३०० रुपये मान्य होतात. हंगामाचं बिल तुमच्या हातात येतं तेव्हा त्यावरचा आकडा बरोबर तोच असतो, जो जोडीदाराने वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. ते पैसे घ्यायचे की नाहीत, असा प्रश्न तुम्हाला पडतो. सोसायटीचं कर्ज तो प्रश्न सोडवतं. तुम्ही त्याच्या वाटच्या उसाचे पैसे त्याच्या बायकोच्या हातात नेऊन ठेवता. ती मोजत नाही. मला विचाराल तर भाव मागणाऱ्याला गोळी आणि मेल्यावर भाव, हा क्रम कुठल्याही सरकारला लाज वाटावी असाच आहे. माणसं जिवंत असताना मागणं जितकं न्याय्य होतं, तितकंच ती गेल्यावर होतं. मधे बदललं ते एवढंच, की दोन घरांत कर्ती माणसं उरली नाहीत.

आता वर्षं भराभर पुढे सरकवा. फार थांबू नका, पण काही ठिकाणी थांबावंच लागेल.

६ एप्रिल १९८१. निपाणी. तंबाखूला भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार होतो, १२ जण मारले जातात. बातमी रेडिओवर ऐकताना तुमचे हात थरथरतात. तिथे बारा गोठ्यांत आज वैरण कोण टाकेल, हा तुमचा पहिला विचार असतो.

मग १९८६. चांदवड, तारीख ९ आणि १० नोव्हेंबर. तीच दहा तारीख. शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला लाखाहून अधिक बाया जमल्या आहेत. नाशिक जिल्ह्याने खेड्यातल्या बायांची इतकी मोठी गर्दी त्याआधी पाहिली नव्हती. जोडीदाराची बायको शेजारणींबरोबर ट्रकमधून गेली आहे. परत आल्यावर ती तुमच्या ओट्यावर टेकते आणि सांगते, तिथे बाईच्या कष्टाच्या मोलाचं बोलणं झालं, जमिनीवर बाईचं नाव लागावं याचंही झालं. थोडा वेळ थांबून म्हणते, ‘त्यांनी आधीच लिहिलं होतं भावजी.’ सहा वर्षांत ती वहीबद्दल पहिल्यांदा बोललेली असते. पुढे संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, बायकांच्या नावे जमीन करून देणारे हजारो शेतकरी पुढे आले. तुम्ही त्यांतले एक व्हावं, असं मला वाटतं. तोही झाला असता.

त्यानंतर संघटनेत फाटाफूट झाली, गट पडले, पुढारी वेगवेगळ्या वाटांनी गेले. १२ डिसेंबर २०१५ रोजी शरद जोशी गेले.  २०१८ मध्ये निफाड तालुक्यातल्याच नैताळ्याच्या एका शेतकऱ्याला साडेसात क्विंटल कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले आणि ते त्याने मनीऑर्डरने थेट पंतप्रधानांना पाठवले. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली, ती २०२४ च्या मे महिन्यात उठली. प्रत्येक वेळी लासलगावच्या आवारात तुम्ही ढिगाशेजारी बसलेले असता आणि मनातल्या मनात खर्चाचे रकाने मांडत असता. ती सवय त्याची. आता तुमची झाली आहे.

आज तुम्ही साठी कधीच ओलांडली आहे. दहा नोव्हेंबरला हुतात्म्यांना अभिवादन होतं, तिथे तुम्ही जाता. भाषणं होतात. बोलणारे बहुतेक त्या सोमवारनंतर जन्मलेले आहेत, त्यांच्या मनात आदर आहे, त्यात खोट नाही. पण भाषणात माणूस येत नाही. तो करंजी कशी खायचा, ओढाळ बैलाला काय म्हणून हाक मारायचा, हिशेब चुकला की पेन्सिल कानामागे खोचून कसा हसायचा, हे कुणी विचारत नाही, आणि तुम्हीही सांगत नाही. नातवाला एकदा सांगायला गेलात, तर त्याने विचारलं, ‘आबा, पण रेल्वे अडवायची कशाला?’ प्रश्न चांगला होता. उत्तर द्यायला एक संध्याकाळ पुरली नाही.

आता बांधावरून परत या. हे मी लिहिलं त्याला कारण आहे. खेरवाडीच्या त्या सोमवारी बावीस वर्षांचे असलेले लोक आज सत्तरीला टेकले आहेत. रुळांवर बसलेली, अटक होऊन आलेली, आपल्या जोडीदाराला कायमचं मागे ठेवून घरी परतलेली माणसं निफाड, चांदवड, दिंडोरी, येवल्याच्या गावांमधून अजून आहेत, पण दर वर्षी कमी होत आहेत. तुमच्या घरात, गल्लीत, पाहुण्यारावळ्यांत असं कुणी असेल तर येत्या दहा नोव्हेंबरची वाट पाहू नका. या आठवड्यात जाऊन त्यांच्याजवळ बसा, वही-पेन बरोबर न्या, आणि आंदोलनाचं विचारण्याआधी त्यांच्या मित्राचं विचारा. सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.