जिंजर बिअर कॉकटेल

आल्याचे तिखट, फसफसणारे पेय, मद्य आणि बहुधा लिंबाचा रस बर्फावर एकत्र करून केलेले मिश्रपेय. व्होडकाचे ‘मॉस्को म्यूल’ आणि काळ्या रमचे ‘डार्क अँड स्टॉर्मी’ ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. मद्य बदलले की नाव बदलते, पण चवीचा कणा जिंजर बिअरच राहते. म्हणून आधी ती पारखून घ्यावी आणि मद्य तिच्या जोडीने निवडावे. महागडी व्होडका आणि मिळमिळीत जिंजर बिअर हा उलटा हिशेब आहे.

नावात बिअर असली तरी आज बाटलीत किंवा कॅनमध्ये मिळणारी बहुतेक जिंजर बिअर मद्यरहित असते. आल्याचा अर्क, साखर आणि आंबटपणा यांत कार्बन डाय-ऑक्साइड दाबाने भरून ती तयार होते. अठराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये मात्र ती आंबवून करत. आले, साखर आणि पाणी यांना ‘जिंजर बिअर प्लँट’ नावाचे विरजण लावत. भिजलेल्या साबुदाण्यासारखे दिसणारे हे दाणे म्हणजे यीस्ट आणि जिवाणू यांचे सहजीवन आहे, हे वनस्पतिशास्त्रज्ञ हॅरी मार्शल वॉर्ड यांनी 1892 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. आंबवलेले पेय भाजलेल्या मातीच्या जाड बाटल्यांत भरत. घरी हा प्रयोग करताना काचेची बाटली घट्ट बंद करून उबेत विसरणे धोक्याचे; आत वायू साठत जातो आणि बाटली फुटू शकते.

ताज्या आल्याचा तिखटपणा जिंजेरॉलमुळे असतो. मिरचीतला कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहींना चेतवतो, त्यांनाच तेही चेतवते. आले वाळले की त्यातल्या काही जिंजेरॉलचे शोगॉल होते, आणि ते अधिक तिखट असते. सुंठ जास्त झोंबते ती यामुळे. घरी पाक करायचा तर किसलेल्या ताज्या आल्याने सुगंध येतो आणि चिमूटभर सुंठीने धार. हा पाक, लिंबू आणि थंडगार सोडा एवढ्यावर चांगले काम भागते. जिंजर एल हे सौम्य आणि गोड पेय वेगळे. ते वापरले तर म्यूलमधली झणझण हरवते.

मॉस्को म्यूलचा रशियाशी संबंध नावापुरताच. हे पेय 1941 च्या सुमारास अमेरिकेत जन्मले. ह्यूब्लाइन कंपनीच्या जॉन मार्टिन यांनी 1939 मध्ये स्मिर्नॉफ व्होडकाचे अमेरिकेतले हक्क घेतले होते, पण तिथल्या लोकांना व्होडकाची ओळखच नव्हती. दुसरीकडे हॉलिवूडच्या ‘कॉक अँड बुल’ या पबचे मालक जॅक मॉर्गन यांची स्वतःची जिंजर बिअर पडून होती. दोघांचा न खपणारा माल एका पेल्यात आला, ही रूढ कथा. त्याच पबचे बारमन वेस प्राइस यांनीही श्रेयावर हक्क सांगितला होता. पुढे मार्टिन बारोबार फिरले. बारमनचा तांब्याच्या मगासह पोलरॉइड कॅमेऱ्याने फोटो काढायचा, एक प्रत तिथे ठेवायची आणि दुसरी पुढच्या बारमध्ये दाखवायची, अशी त्यांची रीत होती.

‘डार्क अँड स्टॉर्मी’ हे बर्म्युडा बेटाचे. तिथल्या गॉस्लिंग कंपनीने या नावाचा व्यापारचिन्ह म्हणून हक्क राखला आहे. त्यामुळे हे नाव लावायचे तर तिचीच ‘ब्लॅक सील’ रम वापरावी लागते.

आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या प्रमाणानुसार मॉस्को म्यूलमध्ये 45 मिली व्होडका, 10 मिली ताजा लिंबूरस आणि 120 मिली जिंजर बिअर असते. डार्क अँड स्टॉर्मीत 60 मिली रम आणि 100 मिली जिंजर बिअर. म्यूल थेट पेल्यात जुळवतात: बर्फ, मद्य, रस आणि शेवटी जिंजर बिअर. ती शेकरमध्ये घालून हलवू नये, वायू निघून जातो. लांब चमचा तळाशी नेऊन एकदाच अलगद वर आणला की पुरे. डार्क अँड स्टॉर्मीत क्रम फिरतो. रम सर्वांत शेवटी हळूच वरून सोडतात, आणि तिचा काळसर थर खाली झिरपत जातो.

म्यूल ज्यात देतात तो तांब्याचा मग लवकर गार होतो, ओठांना सुखावतो. पण लिंबाच्या आम्लात तांबे विरघळते. आंबट ताक कळकते म्हणून भांड्यांना कल्हई करणाऱ्या आपल्या घरांना हे शिकवायला नको. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या मद्य विभागाने 2017 मध्ये असाच इशारा दिला. आतून स्टील किंवा निकेलचे अस्तर असलेला मग घ्यावा; नाहीतर काचेचा उंच पेला उत्तम.

पुढच्या अवतारांत न्यूयॉर्कच्या ऑड्री सॉन्डर्स यांचे ‘जिन-जिन म्यूल’ विशेष मानाचे. जिन, पुदिना आणि घरी केलेली जिंजर बिअर यांची इतकी नेमकी जुळणी क्वचितच दिसते. बूर्बाँने ‘केंटकी म्यूल’ होते; टकिला आणि ब्लॅककरंटचे लिकर घातले की ‘एल डियाब्लो’. गोव्यात काजूच्या हंगामात उर्राक ही काजूबोंडांची दारू लिंबाच्या गोड सोड्यात मीठ आणि हिरवी मिरची घालून पितात. तिखट, आंबट, गोड आणि बुडबुडे हेच तिथेही जमून येतात, त्यामुळे उर्राकला जिंजर बिअरही शोभते.

वाढताना जिंजर बिअर आधीच फ्रिजमध्ये गार केलेली हवी, कारण कोमट पेयात वायू टिकत नाही आणि बर्फही भराभर वितळतो. बर्फाचे खडे मोठे घ्यावेत. मद्य न घेणाऱ्यांसाठी लिंबू थोडे वाढवून हेच पेय त्याच पेल्यात द्यावे. बाटल्या लहान घ्याव्यात आणि पाहुणा बसल्यावरच उघडाव्यात.