हिरवा दिवा (‘द ग्रेट गॅट्स्बी’)

एफ. स्कॉट फिट्सजेराल्ड (१८९६–१९४०) यांच्या ‘द ग्रेट गॅट्स्बी’ (१९२५) या अमेरिकन कादंबरीतील मध्यवर्ती प्रतीक. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, ईस्ट एग येथील डेझी ब्यूकॅननच्या घराच्या धक्क्यावर हा दिवा रात्रभर जळतो. खाडीच्या अलीकडे, वेस्ट एगला, जे गॅट्स्बीचा वाडा आहे. दोन्ही गावे कल्पित असली तरी ती ग्रेट नेक व मॅनहॅसेट नेक या द्वीपकल्पांवर बेतलेली आहेत. फिट्सजेराल्ड १९२२ ते १९२४ या काळात ग्रेट नेकला राहत होते.

गॅट्स्बी व डेझी यांचे प्रेम १९१७ मध्ये लुइव्हिलला जमले. तेव्हा तो लष्करी अधिकारी होता, पण कफल्लक. तो युद्धावर असताना डेझी दुरावली आणि १९१९ मध्ये तिने गर्भश्रीमंत टॉम ब्यूकॅननशी लग्न केले. पुढे दारूबंदीच्या काळात चोरट्या दारूवर पैसा करून गॅट्स्बीने मुद्दाम तिच्या समोरच्या काठावर घर घेतले. मात्र नुसती डेझी मिळून त्याचे भागत नाही. मधली पाच वर्षे झालीच नाहीत, असे त्याला हवे आहे.

पहिल्या प्रकरणाच्या शेवटी निवेदक निक कॅरवे त्याला अंधारात पाण्याच्या दिशेने हात पसरून थरथरताना पाहतो. पलीकडे फक्त तो दिवा असतो. पाचव्या प्रकरणात डेझी शेजारी उभी आहे आणि धुक्यामुळे पलीकडचा काठ दिसत नाही. दिव्याची जादू आता सरली, तो पुन्हा धक्क्यावरचा एक दिवा झाला, हे निकला उमगते. गॅट्स्बीचा पराभव खरे तर इथेच होतो, तोही ती भेटल्यावर. पुढे होणारा त्याचा खून ही केवळ कथानकाची पूर्तता.

शेवटच्या, नवव्या प्रकरणात निक या दिव्याची सांगड डच खलाशांना प्रथम दिसलेल्या हिरव्यागार भूमीशी घालतो आणि एका माणसाची ओढ अमेरिकेच्या स्वप्नापर्यंत पोचते. खलाशांचा हा परिच्छेद हस्तलिखितात पहिल्या प्रकरणाच्या अखेरीस होता. तो तिथेच राहता, तर वाचकाला दिव्याचा अर्थ गॅट्स्बीची ओळख होण्याआधीच कळला असता.

हिरवा म्हणजे डॉलरच्या नोटा, किंवा रस्त्यावरचा ‘पुढे जा’ हा सिग्नल, असेही अर्थ लावले जातात. पहिल्याला कादंबरीतल्या पैशाच्या झगमगाटाचा आधार आहे. दुसरा ओढूनताणून वाटतो, कारण हा दिवा कोणी कोणासाठी लावलेला नाही. त्याच्याकडे कोणी टक लावून बसते, हे डेझीच्या गावीही नसते.