वाढत्या अंगाचे युनिट

मराठी आत्मचरित्रे आणि आत्मकथनपर लेखन वर्गात शिकवताना एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानात आली आहे. निवेदकाच्या बारा ते अठरा या वयाचा भाग आला की पुस्तकात शाळा येते, मास्तर येतात, आणि त्यांच्याहून ठळकपणे भूक येते. साने गुरुजींच्या ‘धडपडणारा श्याम’मधील औंधचे दिवस, प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’, दया पवारांच्या ‘बलुतं’मधील संगमनेरचे वसतिगृह, एवढेच कशाला, खात्यापित्या घरातून पुण्याला आलेल्या ‘कोसला’च्या नायकाची मेस, या सगळ्यांत ती आहे. आम्ही अध्यापक मंडळी ही पाने ‘दारिद्र्याचे चित्रण’ या एका मथळ्याखाली उरकतो. पण या वयाची भूक ही गरिबीहून निराळी, शरीराची स्वतःची अशी गोष्ट आहे. गरीब घरात ती लपत नाही, इतकाच फरक. अशा वाढत्या मुलाला आजवर कोणी, कोणत्या हिशेबाने आणि कोणाच्या ताटातून खाऊ घातले, याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

प्रथम हिशेबच पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली जाहीर केलेल्या कोष्टकानुसार सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला दिवसाला ३,३२० किलोकॅलरी लागतात. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला २,११० पुरतात आणि बैठे काम करणाऱ्या स्त्रीला १,६६०. म्हणजे अकरावीतला एक मुलगा हा आहाराच्या भाषेत बरोबर दोन आया होतो. आईवडील आणि असे दोन मुलगे अशा चौकोनी कुटुंबात एकूण अन्नऊर्जेपैकी सुमारे ६४ टक्के वाटा दोन मुलग्यांचा ठरतो. (आयांचे काम बैठे असते हे गृहीतच मुळात वादग्रस्त आहे, पण ते असो.)

आता याच्या शेजारी जुना हिशेब ठेवावा. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ ग्रॅहम लस्क यांच्या नावाने ओळखली जाणारी परिमाणे कुटुंबांच्या आहार-पाहण्यांत दीर्घकाळ वापरली गेली. त्यांत चौदा वर्षांवरील पुरुष म्हणजे १ युनिट, चौदा वर्षांवरील स्त्री ०.८३, आणि दहा ते चौदा वर्षांचे मूलही ०.८३. पंधरा वर्षांचा मुलगा आणि त्याचा पन्नाशीतला बाप येथे एकाच मापाने मोजला जातो. कारकुनाच्या सोयीसाठी हे ठीकच. पण कागदावरचे हे ‘एक’ आणि प्रत्यक्ष ताटावरचे ‘दीड’ यांच्यातील फरक कोणीतरी भरून काढावाच लागतो, आणि तो भरून काढणाऱ्याची नोंद पाहणीत होत नाही.

मुंबईत या प्रकारची पहिली महत्त्वाची पाहणी १९२१-२२ मध्ये झाली. लेबर ऑफिसचे जी. फिंडले शिरास यांनी कामगार कुटुंबांच्या अंदाजपत्रकांचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध केला. गिरणी कामगाराला मिळणारे धान्य दुष्काळ संहितेने ठरविलेल्या कमाल मर्यादेइतके आहे, मात्र मुंबईच्या तुरुंग नियमावलीतील आहारापेक्षा ते कमी आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. घरात राहणारा कामगार कैद्याहून कमी खातो हे सरकारी अधिकाऱ्यानेच लिहून ठेवले. ही सरासरी होती. त्या सरासरीच्या पोटात वाढत्या वयाची किती मुले होती हे अहवालाच्या वाचकाने कल्पनेनेच जाणावयाचे.

या मोजमापांच्या कितीतरी आधी आपल्या समाजाने या भुकेसाठी एक व्यवस्था केली होती. ती म्हणजे वार आणि माधुकरी. गावाकडून शिकायला आलेला मुलगा सात घरी सात वार लावून जेवी. या रूढीकडे आपण दानधर्म म्हणून पाहतो. त्यातील गृहअर्थशास्त्राकडे आपले लक्ष जात नाही. सोळा वर्षांच्या मुलाला रोज पोटभर जेवू घालणे मध्यम स्थितीतल्या घराला जड होते, पण आठवड्यातून एकदा त्याला वाढणे जड नव्हते. एका मुलाची भूक सात स्वयंपाकघरांवर वाटली जाई. माधुकरीत ती याहून बारीक वाटली जाई, कारण तेथे एका घरून एका वेळची मूठच मिळायची. त्याची किंमत मुलगा दुसऱ्या नाण्यात चुकती करी. वाराच्या घरी दुसऱ्यांदा भात मागायचा की नाही, यजमानीणबाईंच्या चेहऱ्यावर काय दिसते, त्या घरचा मुलगा आपल्याच वर्गात आहे आणि तो समोर जेवतो आहे, या सर्वांचा अंदाज घेत घास गिळायचा. भूक असूनही ‘पुरे’ म्हणण्याची सवय या पिढ्यांना लागली. त्या काळच्या गद्यातील संकोची, स्वतःकडे कमीपणा घेणाऱ्या निवेदकाचा उगम या पानावर शोधता येईल, असे आम्हांस वाटते.

पण ही व्यवस्था होती कोणासाठी? शिजवलेल्या अन्नाची देवघेव जातीच्या नियमांनी बांधलेली असल्याने वार आणि माधुकरी प्रामुख्याने ब्राह्मण मुलांच्या वाट्याला आली. कुणब्याच्या, मराठ्याच्या, महाराच्या मुलाला शहरात शिकायचे तर त्याला सात घरे नव्हती. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले, त्यामागोमाग जैन, मुसलमान, लिंगायत विद्यार्थ्यांसाठी, आणि १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. या कार्याचे शैक्षणिक माहात्म्य सर्वत्र सांगितले जाते. आम्हांला येथे त्यातील चूल महत्त्वाची वाटते. फी माफ करून भागत नाही, मुलाचे जेवण कोठेतरी शिजावे लागते, हे त्यांनी ओळखले. १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले, तेही याच जाणिवेने.

या इतिहासातील सर्वांत बोलके घर साताऱ्याला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. निरनिराळ्या जातींची मुले येथे एका पंगतीला बसत आणि आळीपाळीने स्वयंपाक करीत. ही पंगत जेवढी तत्त्वाची होती तेवढीच काटकसरीची होती; जातवार चुली मांडायच्या तर लाकूडफाटा, भांडी, माणसे सारेच वाढते. खर्चाची तोंडमिळवणी मात्र कधीच झाली नाही. मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी एकामागून एक दागिने मोडले आणि अखेर मंगळसूत्रही विकले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. १९३० साली त्या वारल्या. आपण ही गोष्ट त्यागाची म्हणून मुलांना सांगतो. ती तशी आहेच. परंतु ज्या कोष्टकात मोठ्या मुलाचे एक युनिट धरलेले असते त्यातील तूट अखेर कोठून भरली जाते, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. ती तूट घरच्या बाईच्या गळ्यातून भरली गेली.

१९४३ साली मुंबईत रेशनिंग आले. कष्टाचे काम करणाऱ्याला वाढीव शिधा देण्याची सोय त्यात होती. वाढ हेही शरीराचे कष्टाचे काम आहे हे कोणाला सुचले नाही. तरण्या मुलाला गोदीत घातले तर त्याचा शिधा वाढे, शाळेत ठेवले तर वाढत नसे. पुढे १९७२ च्या दुष्काळात आलेली तांबडी मिलो आणि त्याच वर्षी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली महागाईविरुद्ध निघालेले लाटणे-मोर्चे यांचे वर्णन अनेकांनी केलेले आहे, त्याची पुनरुक्ती नको. एवढेच नोंदवावेसे वाटते की मोर्च्यासाठी उचललेली वस्तू लाटणे होती. पोळ्या किती लाटाव्या लागतात हे ठाऊक असलेल्या बायकांनीच ती निवडली असणार.

गिरणगावातील खानावळवाल्या बायकांचा हिशेब याहून निराळा होता. गावाकडून एकटे आलेले कामगार महिन्याच्या ठरावाने त्यांच्याकडे जेवत, आणि त्यांत कोवळ्या वयाची पोरेही असत. ठराव पोटभर जेवणाचा. म्हाताऱ्या जॉबरने दोन चपात्या खाल्ल्या आणि नव्या बदली पोराने आठ, तरी पैसे तेच. कमी खाणारा जास्त खाणाऱ्याला नकळत पोसत होता, आणि दोघांच्याही उधारीचा भार बाईवर. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि सावकाराच्या जागी बँकेचे कर्ज मिळवून दिले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, कामगार पांगले, पण मंडळ टिकले.

हा सारा इतिहास आम्हांस नेरूळमध्ये राहून सुचावा यात नवल नाही. माधुकरीवर शिकणाऱ्या गरीब मुलांच्या सोयीसाठी १९०९ मध्ये पुण्यात निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाचे, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहाचे, विद्याभवन नेरूळमध्ये आहे. भाऊरावांच्या रयतचे महाविद्यालय वाशीला आहे. अन्नपूर्णा मंडळाचाही वाशीत मुक्काम आहे. तीन निरनिराळ्या चुलींचे वारस लोकलच्या मोजक्या स्थानकांच्या अंतरात येऊन राहिले, आणि येथून रोज जाणाऱ्या-येणाऱ्या कोणालाही त्याची कल्पना नसते.

नेरूळला स्वतःचीही एक चूल होती. १९७० साली सिडकोची स्थापना होऊन जमिनी संपादित होण्यापूर्वी नेरूळ, शिरवणे, सारसोळे, दारावे ही आगरी-कोळ्यांची गावे होती. खाडीकाठचा भात, मिठागरे आणि मासळी यांवर येथील घरे चालत. अशा घरातल्या वाढत्या मुलाची भूक वाण्याच्या वहीत मांडावी लागत नसे. तांदळाची भाकरी घरच्या भाताची, आणि कालवण बऱ्याचदा पोरेच घेऊन येत. ओहोटीला चिखलात उतरून चिंबोऱ्या आणि निवट्या धरणे हा त्यांचा खेळही होता आणि घराला हातभारही. जमीन गेली तेव्हा नुकसानभरपाईत शेताचा भाव धरला गेला. पोराने खाडीतून आणलेल्या कालवणाचा भाव कोणत्याही पंचनाम्यात नाही. त्यानंतरच्या मुलाला तांदूळही विकत आणि मासळीही विकत. पुढे १९९३ मध्ये रेल्वे आली, इमारती उठल्या, मुंबईतल्या चाळींतून आणि देशावरून कुटुंबे येथे राहायला आली. कांदा-बटाट्यापासून धान्यापर्यंतचे घाऊक बाजार मुंबईतून येथून जवळच वाशी-तुर्भ्याला हलले. पण दोन खोल्यांच्या घराची खरेदी किलो-अर्ध्या किलोचीच, त्यामुळे गोणीचा भाव शेजारी असून तिच्या कामाचा नाही.

मग ही घरे भागवतात कशी? येथे पाककृतींच्या पुस्तकांचा फारसा उपयोग होत नाही, कारण ती चार माणसांसाठी म्हणून लिहिलेली असतात आणि त्यांतील कोणीही सोळा वर्षांचे नसते. खरी विद्या अलिखित आहे. संध्याकाळी शिकवणीहून आलेल्या मुलापुढे जेवणाआधीच फोडणीची पोळी किंवा फोडणीचा भात ठेवायचा, म्हणजे पुढची भाजी पुरते. डाळीपेक्षा पिठले हाताशी ठेवायचे, कारण वाटीभर बेसनात सहा भाकऱ्या उठतात. मटकीला मोड आणून ती दुप्पट दिसू द्यायची. भाजणीचे थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी, भाकरीवर तेलाची धार. यांतील पुष्कळसे पोषणाच्या दृष्टीनेही उत्तम आहे, हे आहारतज्ज्ञ आता सांगतात. बायकांना ते महिन्याच्या अखेरच्या आठवड्याने शिकवले होते.

या विद्येत एक जागा मात्र आम्हांस स्वस्थ बसू देत नाही. मुलाला वाढताना जे कमी पडते ते सर्वांच्या ताटांतून सारखे कमी होत नाही. आई शेवटी जेवते आणि मुलगी आईबरोबर जेवते. त्याच २०२० च्या कोष्टकात तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला ऊर्जा मुलापेक्षा कमी, २,४०० किलोकॅलरी, सांगितली आहे. पण लोह तिला दिवसाला ३० मिलिग्रॅम लागते आणि त्याच वयाच्या मुलाला २२. म्हणजे भाकरी त्याला जास्त हवी हे खरे, परंतु पालेभाजी, उसळ, अंडे यांवर पहिला हक्क तिचा आहे. आपल्या पंगतीत हे दोन्ही वाटे एकाच पळीने वाढले जातात आणि दोन्ही वेळा पळी भावाकडे आधी वळते. मुलग्यांच्या भुकेवर इतके सकस लेखन करणाऱ्या मराठीत बहिणीच्या भुकेवरची पाने शोधावी लागतात. विद्यार्थ्यांनी हा शोध जरूर घ्यावा.

शासनाचा हिशेबही जुन्या वळणाचाच राहिला आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो धान्य दिले. तान्हे मूल आणि बारावीतला मुलगा येथे एकाच मापाचे आहेत. दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम धान्य म्हणजे त्या मुलाच्या गरजेचा साधारण सहावा हिस्सा. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी भोजनाचा वार्षिक भत्ता ३२,००० रुपये ठरला. तो रोज सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी रुपये पडतो, आणि त्यात दोन वेळचे जेवण बसवायचे. तरीही ही योजना आम्हांस महत्त्वाची वाटते, कारण शिकणाऱ्या मुलाचे जेवण हा तिने शिक्षणाचाच खर्च मानला. शाळेतील आहार तर आठवीपर्यंतच मिळतो. सहावी ते आठवीच्या मुलाला त्यात १५० ग्रॅम धान्य आणि ७०० किलोकॅलरी धरलेल्या असतात. मुलगा चौदाव्या वर्षी नववीत जातो, मिसरूड फुटू लागते, दिवसाची गरज २,८६० वर गेलेली असते, आणि जून महिन्यात त्याचे नाव आहाराच्या यादीतून कमी होते.