बरोबरीची शर्यत आणि लखनौची लॅम्ब्रेटा

अमेरिकेत ‘ड्रॅग’ नावाची मोटारींची एक शर्यत असते. सरळ रस्ता, पाव मैलाचे अंतर, शेजारीशेजारी उभ्या केलेल्या दोन गाड्या. हिरवा दिवा लागताच सुटायचे, आणि काही सेकंदांत निकाल. इतक्या साध्या खेळात भांडणाला जागा कोठली, असे वाटते. परंतु तेथील राष्ट्रीय संघटनेने १९७० साली धंदेवाईक चालकांसाठी ‘प्रो स्टॉक’ हा वर्ग सुरू केला, क्रायस्लर कंपनीचे ‘हेमी’ इंजिन इतरांना मागे टाकू लागले, आणि नियम करणाऱ्यांनी तराजू हाती घेतला. इंजिनाच्या दर घन इंचामागे गाडीचे वजन किमान किती पौंड असावे, हे ठरविण्यात येऊ लागले. लहान इंजिनाच्या लहान गाडीला त्यात सवलत मिळाली. १९७२ च्या आरंभीच बिल जेंकिन्स यांनी शेव्हरोलेची चिमुकली ‘व्हेगा’ आणून पोमोनाची शर्यत जिंकली. मग तक्रार करण्याची पाळी क्रायस्लरवाल्यांची आली. वजने बदलली, पुन्हा बदलली. अखेर १९८२ मध्ये सर्वांना ५०० घन इंचांपर्यंतचे इंजिन आणि २३५० पौंडांचे किमान वजन, असा एकच नियम झाला.

श्रोतेहो, ही परदेशी हकीकत सांगितली ती एवढ्याचसाठी, की उत्पादकांच्या बरोबरीची अशीच एक शर्यत आपल्या देशातही तीस वर्षे चालली होती. रस्त्यावर नव्हे, सरकारी कागदांवर. तिच्या एका टोकाला पुणे होते आणि दुसऱ्या टोकाला लखनौ.

महायुद्धानंतर इटलीत दोन स्कूटरी जन्मास आल्या. पियाज्जिओची व्हेस्पा १९४६ ची, इनोचेंटीची लॅम्ब्रेटा १९४७ ची. एकीचा देह पत्र्याचा व इंजिन मागील चाकाच्या कुशीला. दुसरीचा सांगाडा पोलादी नळ्यांचा व इंजिन मधोमध. आपल्याकडे लॅम्ब्रेटा आणली मुंबईच्या ‘ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’ने, व्हेस्पा बजाजांनी. (थंडीच्या सकाळी बजाजची स्कूटर एका अंगावर कलती करून मगच किक मारण्याचा विधी पुष्कळांना आठवत असेल.) कोणी किती गाड्या बनवाव्यात हे परवान्याने ठरे. ग्राहकाच्या हाती त्या कशा पोचाव्यात, हे १९६० च्या नियंत्रण आदेशाने ठरू लागले. १९६९ च्या मक्तेदारी-नियंत्रण कायद्याने मोठ्या उद्योगगृहांच्या विस्तारावर आणखी एक वजन चढविले. दारात ग्राहकांची वर्षानुवर्षांची रांग असली, तरी दिल्लीच्या संमतीवाचून उत्पादन वाढविता येत नसे.

हे सारे निव्वळ वेडेपण होते असे म्हणणे सोपे आहे; मला ते न्याय्य वाटत नाही. परकीय चलन तुटपुंजे होते, आणि चार हातांत सगळा उद्योग जाऊ नये ही भीतीही खोटी नव्हती. त्याच विचाराने सरकार स्वतः शर्यतीत उतरले. इनोचेंटीने १९७१ मध्ये लॅम्ब्रेटाचे उत्पादन थांबविले होते. तिची यंत्रसामग्री, आराखडे आणि व्यापारचिन्ह विकत घेऊन १९७२ मध्ये ‘स्कूटर्स इंडिया लिमिटेड’ची स्थापना झाली. लखनौच्या सरोजिनीनगरात कारखाना उभा राहिला, आणि १९७५ पासून तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. देशात त्यांचे नाव ‘विजय सुपर’, परदेशात ‘लॅम्ब्रेटा’. इतर राज्यांतील उपक्रमांनाही लखनौहून इंजिने जात. त्याच वर्षी साताऱ्यास राज्य सरकारच्या विकास महामंडळाशी भागीदारीत ‘महाराष्ट्र स्कूटर्स’ निघाली व तिची ‘प्रिया’ आली. पण ती व्हेस्पाचीच बहीण.

माझ्या मते खरी चूक येथे झाली. प्रतिस्पर्ध्याच्या गाडीवर वजन ठेवल्याने आपली गाडी वेगवान होत नाही. जेंकिन्स यांना सवलत मिळाली, तिचा उपयोग त्यांनी नवी गाडी घडविण्यास केला. लखनौला मिळालेला अवधी मात्र मिलानहून आलेले जुने यंत्रच फिरविण्यात गेला. पुण्याने १९७१ मध्ये पियाज्जिओशी संबंध संपताच ‘चेतक’ आपल्या बळावर काढली व सुधारीत नेली.

नियम बदलले तेव्हा ते भराभर बदलले. १९८० नंतरच्या दशकात परदेशी सहकार्यास मुभा मिळाली. १९८४ मध्ये ‘हीरो होंडा’ स्थापन झाली, ‘कायनेटिक होंडा’ आली. आणि लखनौपासून अवघ्या ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरांवर, कानपुरात, एल.एम.एल. या कंपनीने पियाज्जिओशी करार करून व्हेस्पाच पुन्हा रस्त्यावर आणली! शेजारच्याच गावातून प्रतिस्पर्धी निघावा, हे लखनौच्या कामगारांना किती बोचले असेल! १९९१ च्या औद्योगिक धोरणाने परवान्याचे उरलेसुरले वजनही उतरले. १९९७ मध्ये लखनौने दुचाकी बनविणे सोडले.

तीनचाकी ‘विक्रम’ मात्र तगली. उत्तरेतील गावोगाव ती टेंपो म्हणून माणसे दाटीवाटीने वाहत राहिली. तिलाही एका नियमाने गाठले: नेपाळ सरकारने १९९९ मध्ये डिझेलच्या विक्रम काठमांडूच्या खोऱ्यातून हद्दपार केल्या. जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. जमीन उत्तर प्रदेशच्या औद्योगिक विकास प्राधिकरणाकडे परत जायची होती, कामगारांना स्वेच्छानिवृत्ती द्यायची होती. आणि लॅम्ब्रेटा, विजय सुपर, विक्रम ही नावे, अजून त्यांना काही किंमत येईल म्हणून, वेगळी विकायची होती.