गवताचे वजन

वसुबारसेला आपण गाईपुढे गोडाचा घास ठेवतो. त्याच सुमारास उंबरमाळीच्या माळावरचे गवत पिवळे पडून कुसळे धोतराला, साडीला टोचू लागतात. खर्डी आणि कसारा यांच्या मधले हे गाव मी गवताच्या इतिहासाच्या नादाने पाहिले. इथे वर्षाला 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी फाल्गुनात जनावरांच्या बरगड्या मोजता येतात. हे कोडे मला बरीच वर्षे सोडत नव्हते.

घाटापलीकडे सोलापूर-मंगळवेढ्याकडे पाऊस याच्या पाव हिस्सा. पण तिथल्या शेतकऱ्याने रब्बी ज्वारी दाण्याइतकीच कडब्यासाठी जपली. ‘मालदांडी 35-1’ हे वाण इतकी वर्षे टिकले, त्यात कडब्याचाही वाटा आहे. कडब्याची कुट्टी आणि वर सरकी पेंड, यावर कोरडवाहू मुलखातली गाय दुष्काळ नसेल तर बरी राहते. आमच्याकडे भाताचा पेंढा. त्यात प्रथिने जेमतेम 3-4 टक्के आणि सिलिका भरपूर, म्हणून पचायला जड.

राहिले वरकस जमिनीवरचे गवत. फुलोऱ्याच्या सुमारास कापले तर त्यात 7-8 टक्के प्रथिने असतात. बी गळून काडी वाळली की ती निम्म्यावर येतात. साधारण 7 टक्क्यांच्या खाली गाईच्या पोटातले जिवाणू काडी नीट पचवू शकत नाहीत. पोट भरलेले दिसते आणि गाय आटते. पण फुलोऱ्याच्या दिवसांत पाऊस गवत वाळू देत नाही, आणि पाऊस उघडला की सगळे हात भातकापणीला. गवताला विळा लागतो तो दिवाळीच्या आगेमागे.

त्यात बाजाराची भर पडली. 1861 साली रेल्वे कसाऱ्यापर्यंत आली. मुंबईच्या तबेल्यांना गवत हवे होते आणि ठाणे जिल्ह्यातून त्याच्या गासड्या जाऊ लागल्या. गवताचे मोल वजनावर. जून काडी वजनात भरते. तिच्यात गाईसाठी काय उरले, हे वजनकाटा सांगत नाही.

कापणाऱ्याची मजुरीही वजनावरच ठरे. जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. त्याच वर्षी, शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली, उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी संप केला. मागणी होती 500 पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. आपले अभ्यासक हे प्रकरण चळवळींच्या इतिहासात ठेवतात. ते दुधाच्या इतिहासातही हवे, असे माझे मत आहे. मुंबईचे दूध ज्या गवतावर निघे, त्याची कापणी इतकी स्वस्त होती. पुढे 1949 मध्ये आरे वसाहत झाली आणि तिथे म्हशींसाठी हिरवे पॅरा गवत लावले गेले. डोंगरातल्या डांगी गाईपुढे मात्र पेंढाच राहिला. पावसात टिकणारी ही जात. दूध लिटर-दीड लिटर.

उंबरमाळीत एका घरी मी आढ्याखाली बांधलेल्या गवताच्या जुड्या पाहिल्या. रंग अजून हिरवट होता. भाद्रपदातल्या उघडिपीत बांधावरचे तेवढेच कापून वाळवले होते, व्यायला झालेल्या गाईसाठी. विकायचे गवत माळावर उभे होते.